राजीनामा आणि हुकूमनामा : यवतमाळ जिल्ह्यांतील वकिली व पंचनिवाडा

शब्दांचा इतिहास पुष्कळ वेळां राजांच्या इतिहासाहून अधिक बोलका असतो. 'राजीनामा' हाच शब्द घ्या. आज हा शब्द कानीं पडला कीं एखाद्या मंत्र्यानें वा कारकुनानें आपलें पद सोडल्याचें पत्र डोळ्यांपुढें येतें. परंतु मराठी राज्याच्या कागदपत्रांत न्यायाच्या दारांतला पहिला शब्द हाच होता. वादी व प्रतिवादी पंचांपुढें उभे राहिले म्हणजे, पंच देतील तो निर्णय आपणांस मान्य होईल, असें दोघेहि लिहून देत. त्या लेखास राजीनामा म्हणत. पुढें इंग्रजी अमलांत रयतवारी मुलखांतील खातेदार आपल्या शेतावरील हक्क सोडून देतांना सरकारांत जो कागद दाखल करी, त्यासहि राजीनामाच म्हणूं लागले. आणि तो हक्क ज्याच्या पदरीं पडे, तो नवा खातेदार अनेकदां त्याचा सावकारच असे. संमतीचा शब्द असा शरणागतीचा शब्द झाला. यवतमाळ जिल्ह्याच्या गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या न्यायव्यवहाराचें सार ह्या एका शब्दाच्या प्रवासांत सांठलेलें आहे. तो प्रवास येथें थोडक्यांत पाहावयाचा आहे.

न्याय दोन मार्गांनीं मिळतो. एक हुकुमाचा, दुसरा संमतीचा. पहिल्याची परिणति हुकूमनाम्यांत होते, दुसऱ्याची तडजोडींत. आपल्याकडील सुशिक्षितांत ह्या दोन मार्गांविषयीं दोन आवडते पक्ष आहेत. एकास जुनी पंचायत म्हणजे सत्ययुग वाटतें व कोर्ट म्हणजे कलि. दुसऱ्यास पंचायत म्हणजे बळजबरी वाटते व कोर्ट म्हणजे मुक्ति. इतिहास पाहूं गेल्यास दोन्ही पक्ष अर्धवट ठरतात. खरा प्रश्न तंटा कोठें मिटला हा नसून, मिटवून घेणारे दोघे समान भूमीवर उभे होते कीं नाहीं, हा आहे. आणि वकील ह्या मनुष्याचें समाजांतील खरें प्रयोजनहि ह्याच प्रश्नाशीं निगडित आहे.

प्रथम जुनी पद्धति पाहूं. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपला ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हांपासून ह्या विषयाचें चित्र पुष्कळ स्पष्ट झालें आहे. तंटा प्रथम गांवच्या पाटलापुढें येई. त्याच्या समजुतीनें तो न मिटल्यास गोत जमे. गोत म्हणजे गांवचे वतनदार, बलुतेदार व ज्ञातीचे जाणते लोक. दोन्ही पक्षांकडून राजीनामे घेत, निकालाप्रमाणें वागण्याबद्दल जामीन घेत, आणि मग प्रत्येकाची तकरीर लिहून घेत. जुनीं पत्रें पाहात, साक्षीदारांस देवळांत किंवा नदीकांठीं शपथ देऊन विचारीत. पुरावा अपुरा पडला तर दिव्यावर पाळी येई. शेवटीं निवाडपत्र होई, व हरलेला पक्ष आपला पराभव मान्य असल्याचें यजितखत लिहून देई. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी.

ह्या पद्धतींत दोन गोष्टी मोठ्या मोलाच्या होत्या. हरणाऱ्याच्या हातचें मान्यतापत्र घेतल्यावांचून वाद संपला असें कोणी समजत नसे. आणि निवाडा करणारे लोक त्या शिवारांतले, त्या बांधांतले असल्यामुळें खोट्या साक्षीस फारसा वाव नसे. परंतु दोषहि तितकेच ठळक होते. गोतांत ज्याचें वजन त्याच्या शब्दाला वजन. गांवकुसाबाहेरच्या माणसास त्या बैठकींत जागा कोठें होती, आणि विधवेची तकरीर कोणत्या कानांनीं ऐकली जात होती, हे प्रश्न विचारले म्हणजे सत्ययुगाची कल्पना आपोआप ओसरते.

वऱ्हाडांत तर ह्या व्यवस्थेवर राजकीय अस्थिरतेची छाया होती. निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल तेथें दीर्घकाळ चालला. १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला, आणि १८५३ च्या तहानें हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेच्या खर्चापोटीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें. आज ज्यास आपण यवतमाळ जिल्हा म्हणतों, तो १८६४ च्या सुमारास आग्नेय वऱ्हाड म्हणून वेगळा झाला, नंतर वणी जिल्हा ह्या नांवानें ओळखला जाऊं लागला, आणि १९०५ च्या फेररचनेंत वाशीमकडील पुसद तालुका त्यास जोडून यवतमाळ जिल्हा अस्तित्वांत आला. यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी व पुसद हे त्याचे पांच तालुके.

ह्या मुलखाची कायदेशीर स्थिति मोठी चमत्कारिक होती. राज्यकारभार इंग्रजांचा, पण स्वामित्व नांवापुरतें निजामाचें. १९०२ च्या करारानें वऱ्हाड इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें मिळालें व १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडलें गेलें. तरीहि कायद्याच्या भाषेंत तें ब्रिटिश हिंदुस्थान झालें नाहीं. कलकत्त्यास वा दिल्लीस मंजूर झालेला कायदा वऱ्हाडांत आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलच्या वेगळ्या जाहीरनाम्यानें तो लागू करावा लागे. म्हणून यवतमाळच्या वकिलास प्रत्येक मुकदम्यांत प्रथम हें पाहावें लागे, कीं हा कायदा येथें आहे कीं नाहीं, आणि असल्यास कोणत्या कलमापुरता. १९४१ च्या 'बेरार लॉज' कायद्यानें ह्या गुंतागुंतीचा पुष्कळसा निरास केला.

जमिनीचा कायदाहि असाच स्वतंत्र होता. शेजारच्या मध्यप्रांतांत मालगुजारी, तर वऱ्हाडांत मुंबईच्या धर्तीवर पाहणी होऊन तीस वर्षांच्या मुदतीची रयतवारी. त्यांतहि यवतमाळकडे पडीक जंगलजमिनी लागवडीस आणण्यासाठीं १८६५ च्या नियमांन्वयें इजाऱ्यानें दिलेलीं गांवें पुष्कळ. इजारदार व त्याची कुळें यांच्यामधील हक्कांचा झगडा हा ह्या जिल्ह्याच्या न्यायालयांतील एक कायमचा विषय होऊन बसला. १९५१ सालीं मालकी हक्क रद्द होईपर्यंत तो पुरला.

रयतवारीनें खातेदारास जमिनीचा खरा धनी केलें. शेत विकतां येऊं लागलें, गहाण टाकतां येऊं लागलें. आणि जें गहाण टाकतां येतें तें गमावतांहि येतें. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाचा भाव आकाशास भिडला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस सावकाराच्या डोळ्यांत एकाएकीं सोन्याची किंमत आली. भाव उतरल्यावर कर्ज मात्र उतरलें नाहीं. येथेंच हुकूमनामा रंगभूमीवर येतो. दस्तऐवज सावकाराच्या कारकुनानें लिहिलेला, अंगठा कास्तकाराचा. समन्स कोणत्या भाषेंत काय म्हणतें हें त्यास कळत नसे. तारखेस जाणें म्हणजे पेरणीचा वा वेचणीचा दिवस बुडविणें. मग दावा एकतर्फी निकालांत निघे. न्यायाधीश प्रामाणिक, कायदा निःपक्षपाती, पुरावा बिनतोड, आणि तरीहि झालेली गोष्ट न्यायाची नव्हे, असा तो विलक्षण प्रकार होता.

महाराष्ट्राच्या देशावर हेंच दुःख १८७५ सालीं उफाळून आलें. पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि सरकारास १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला. त्या कायद्यांत एक लक्षांत घेण्याजोगी योजना होती. दावा लावण्यापूर्वीं सावकारानें नेमलेल्या तडजोड-अधिकाऱ्याकडे जावें, त्यानें दोघांची गांठ घालून पाहावी, आणि जमलें नाहीं तरच दाखला द्यावा. परंतु हा कायदा मुंबई इलाख्याचा. वऱ्हाडच्या शेतकऱ्यास त्याची सावली मिळाली नाहीं. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळीं वसूल करूं नये, हा दामदुपटीचा जुना हिंदु नियम वऱ्हाडांतील न्यायालयें मानीत, आणि १९१८ च्या कायद्यानें जुलमी व्याजाचा व्यवहार उघडून पाहण्याचा अधिकारहि न्यायाधीशास मिळाला. पण ह्या दोन्ही ढाली वापरण्यासाठीं त्या आपल्या हातीं आहेत हें कोणीतरी कास्तकारास सांगावयास हवें होतें. सांगणारा तो वकील. आणि त्याची फी देणारा बहुधा सावकार.

आतां ह्या वकिलाची घडण कशी होत असे तें पाहूं. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स कायद्यानें प्लीडर, मुखत्यार व रेव्हेन्यू एजंट असे धंद्याचे वर्ग ठरविले होते. विद्यापीठाची पदवी असलेले थोडे, परीक्षा देऊन सनद घेतलेले अधिक. यवतमाळांत कायदा शिकण्याची सोय मुळींच नव्हती. महत्त्वाकांक्षी मुलानें प्रथम नागपुरास जावें, तेथें १८८५ सालीं निघालेल्या मॉरिस कॉलेजांत शिकावें, आणि पदवी मात्र दूरच्या कलकत्ता वा पुढें अलाहाबाद विद्यापीठाची घ्यावी, असा क्रम होता. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें व त्याचें विधि महाविद्यालय १९२५ सालीं निघालें, तेव्हां हा वनवास संपला. पुण्याचें विधि महाविद्यालय त्याच्या आदल्याच वर्षीं निघालें होतें. त्यापूर्वीं खाजगी वर्गांचाच आधार. खुद्द लोकमान्य टिळकांनीं पुण्यांत कांहीं काळ कायद्याचा वर्ग चालविला होता, हें वाचकांस ठाऊक असेलच.

ग्रंथांतून जें शिकविलें जाई तें इंग्लंडच्या न्यायाधीशांनीं इंग्लंडच्या व्यापाऱ्यांच्या व सरदारांच्या तंट्यांतून काढलेलें नवनीत. पण यवतमाळच्या कोर्टांत उभा राहणारा साक्षीदार वऱ्हाडी बोले. केळापूर-वणीकडचा असला तर गोंडी किंवा कोलामी, पुसदकडच्या तांड्यावरचा असला तर गोरबोली. निकाल इंग्रजींत. ह्या तीन पायऱ्यांवरून सत्याची घागर न सांडतां वर नेणें, हें खरें वकिलीचें काम. आणि तें कोणत्याहि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत नव्हतें. तें शिकावयाचें ज्येष्ठ वकिलाच्या बैठकींत, पक्षकाराची लांबलचक हकीकत ऐकत, कैफियतीचे मसुदे पुनः पुनः खरडत, आणि बाररूममध्यें वडीलधाऱ्यांचीं बोलणीं ऐकत. धंद्याचें शील जर कोठें घडत असेल, तर तें ह्या उमेदवारींत.

ह्या घडणीचें ह्या जिल्ह्यांतलें सर्वांत तेजस्वी फळ म्हणजे लोकनायक माधव श्रीहरि ऊर्फ बापूजी अणे. २९ ऑगस्ट १८८० रोजीं वणी येथें त्यांचा जन्म झाला. मॉरिस कॉलेजांत शिक्षण, कलकत्ता विद्यापीठाची पदवी, अमरावतीस कांहीं वर्षें शिक्षकाचा व्यवसाय, मग कायद्याची परीक्षा, आणि १९०८ पासून यवतमाळास वकिली, असा त्यांचा पूर्वक्रम आहे. त्याच वर्षीं टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस मंडालेस पाठविण्यांत आलें. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी असलेल्या ह्या तरुण वकिलाच्या सनदेचा आरंभ अशा मुहूर्तावर व्हावा, हा योग अर्थपूर्ण म्हणावा लागेल. पुढें उतारवयांत टिळकचरित्रावर संस्कृत महाकाव्य रचून त्यांनीं गुरुऋण फेडलें. 'श्रीतिलकयशोर्णव' ह्या त्या काव्यास त्यांच्या निधनानंतर १९७३ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

अण्यांचें राजकीय चरित्र सर्वश्रुत आहे. येथें त्याची एकच बाजू पाहावयाची आहे, ती म्हणजे कायदा आणि संमति यांचा त्यांनीं लावलेला अर्थ. १० जुलै १९३० रोजीं त्यांनीं पुसदजवळच्या राखीव जंगलांत गवत कापून जंगल कायदा मोडला व कारावास पत्करला. मध्यप्रांत-वऱ्हाडास समुद्रकिनारा नाहीं, म्हणून मिठाऐवजीं गवत, असें ह्याचें कारण सांगतात. परंतु यवतमाळच्या माणसास ह्यांत त्याहून खोल अर्थ दिसला असला पाहिजे. मीठ सर्वांस लागतें. गवत व सरपण ज्यास लागतें तो कास्तकार, गुराखी, कोलाम, गोंड. ज्या कायद्यानें त्यांचा पिढीजाद हक्क एका जाहीरनाम्यानें गुन्हा ठरविला, त्या कायद्यावर त्यांचा राजीनामा कधींच घेतला गेला नव्हता. बावीस वर्षें त्याच कायद्याच्या आधारें वकिली केलेल्या पुरुषानें उघडपणें, शिक्षा पत्करून तो मोडावा, ह्यांत कायद्याचा अनादर नव्हता. हुकूम आणि न्याय यांमधील अंतर किती आहे, तें त्यानें स्वतःच्या देहानें मोजून दाखविलें.

पुढच्याच वर्षीं, १९३१ सालीं, हाच कायदा मोडणारा पंच म्हणून बसला. बंगाल काँग्रेसमध्यें सुभाषचंद्र बोस व यतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या अनुयायांचे दोन तट पडून निवडणुकांवरून तीव्र कलह माजला होता. तो मिटविण्याचें काम काँग्रेस कार्यकारिणीनें बापूजी अण्यांकडे सोंपविलें. बंगालच्या सिंहव्याघ्रांचा तंटा तोडण्यासाठीं वऱ्हाडांतील जिल्ह्याच्या गांवच्या वकिलास पाचारण व्हावें, ह्यांत त्यांच्या निःपक्षपातीपणाची पावती आहे. पण त्याबरोबरच जिल्हा न्यायालयांत घडलेल्या बुद्धीचाहि गौरव आहे. दोन्ही पक्षांचें ऐकून घ्यावयाचें, कागद पाहावयाचे, तंट्याचा खरा मुद्दा आरडाओरडींतून वेगळा काढावयाचा, आणि हरणाऱ्यास तोंड दाखवितां येईल अशा भाषेंत निर्णय लिहावयाचा, ही विद्या पंचाची आणि वकिलाची एकच आहे.

अण्यांची परीक्षा आणखी एकदां झाली. १९३२ सालीं ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनीं मतदारसंघांच्या वांटणीविषयीं जो निर्णय दिला, त्यास जातीय निवाडा हें नांव पडलें. सर्व पक्षांनीं तो मान्य करण्याची लेखी कबुली आधीं दिलेली नव्हती. म्हणजे जुन्या भाषेंत राजीनामा झालेला नसतां निवाडा झाला होता. काँग्रेसनें तो ना स्वीकारावा ना नाकारावा असें धोरण धरिलें, तेव्हां १९३४ सालीं अणे व पंडित मदनमोहन मालवीय काँग्रेसच्या मध्यवर्ती मंडळांतून बाहेर पडले व त्यांनीं स्वतंत्र राष्ट्रीय पक्ष काढला. त्यांच्या मताशीं आपण सहमत असूं वा नसूं. अल्पसंख्य व दलित समाजांस तो निर्णय संरक्षण वाटत होता, हेंहि विसरतां येत नाहीं. पण निवाड्यास संमतीचा पाया हवा, हा वकिली मुद्दा त्यांनीं राजकारणांतहि सोडला नाहीं, एवढें खरें.

इकडे जिल्ह्यांत कर्जाचा प्रश्न हातघाईवर आला होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव कोसळले आणि जुनीं कर्जें फिटण्याची आशाच उरली नाहीं. अशा वेळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३३ सालीं कर्ज-तडजोड कायदा झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारच्या कायद्यांत तो अग्रभागीं होता, व इतर प्रांतांनीं त्याचें अनुकरण केलें. ह्या कायद्याखालीं स्थापन होणाऱ्या मंडळांपुढें ऋणकोला किंवा धनकोला अर्ज करतां येई. मंडळ सर्व सावकारांस आपापले हिशेब मांडावयास लावी, कर्जाचा खरा आंकडा किती तो पाही, आणि हप्त्यांनीं फेड होईल अशी तडजोड घडवून तिची नोंद करी. सावकारानें वाजवी देकार नाकारला तर मंडळ ऋणकोला तसा दाखला देई. मग तो सावकार दिवाणी न्यायालयांत गेला तरी त्यास दाव्याचा खर्च मिळत नसे, आणि पुढील व्याजावरहि मर्यादा पडे.

ह्या शेवटच्या कलमांत सर्व रहस्य आहे. नुसत्या गोड बोलण्यानें सावकार नमला नसता. नकार दिल्यास आपलें नुकसान होईल, ही जाणीव त्याच्या मनांत असल्यामुळेंच तो हिशेब घेऊन बसे. तडजोडीच्या पाठीशीं कायदा उभा राहिला, तेव्हांच दुबळ्या पक्षाच्या राजीनाम्यास अर्थ आला. तरीहि केवळ संमतीवर विसंबून भागेना, म्हणून १९३९ च्या कर्जनिवारण कायद्यानें मंडळांच्या जागीं विशेष न्यायालयें आणलीं व मुद्दलांतहि कपात करण्याचा अधिकार त्यांस दिला. संमति जेथें थांबली तेथून हुकुमानें पुढें जावें, असा हा क्रम होता. दोन मार्ग परस्परांचे शत्रु नसून एकमेकांचे आधार आहेत, ह्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

ह्याच काळांत ह्या जिल्ह्यांतून दुसरा एक वकील तयार होत होता, आणि तो अगदीं निराळ्या परंपरेंतून आला होता. पुसद तालुक्यांतील गहुली येथें १ जुलै १९१३ रोजीं जन्मलेले वसंतराव नाईक हे बंजारा समाजांतले. तांड्याची स्वतःची न्यायव्यवस्था असते. नाईक हा तांड्याचा प्रमुख, कारभारी त्याचा सहायक, आणि नसाब ही त्यांची न्यायसभा. जन्मापासून लग्नापर्यंतचे सर्व तंटे तेथें तोडले जात. नायकाच्या घराण्यांतला मुलगा नागपुरास जाऊन १९४० सालीं कायद्याची पदवी घेतो, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखालीं वकिलीचा आरंभ करतो, आणि पुढें पुसदला येऊन स्वतःचें दुकान मांडतो, ही घटना एका व्यक्तीच्या उत्कर्षाहून मोठी आहे. ज्या समाजास इंग्रजी कायद्यानें गुन्हेगार म्हणून हिणविलें, त्यानें त्याच कायद्याची भाषा हस्तगत केली. १९६३ ते १९७५ पर्यंत वसंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते; पण तांड्याचा नसाब व तालुक्याचें कोर्ट ह्या दोन्ही न्यायसभा आंतून पाहिलेला मनुष्य, ह्या नात्यानेंहि त्यांचें स्मरण ठेवणें उचित होय.

स्वातंत्र्योत्तर काळाचा आढावा थोडक्यांत घेऊं. १९३६ सालीं स्थापन झालेल्या नागपूर हायकोर्टाच्या जागीं १९५६ नंतर मुंबई हायकोर्टाचें नागपूर खंडपीठ आलें. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानें प्लीडर-मुखत्यारांचे जुने भेद मोडून वकिलांचा एकच वर्ग केला. १९८३ सालीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें, आणि ज्या यवतमाळांतून मुलांस कायद्यासाठीं नागपूर-कलकत्ता गांठावें लागे, तेथें आज अमोलकचंद विधि महाविद्यालय आहे. वकिलांच्या अखिल भारतीय परिषदेनें २००८ च्या नियमांन्वयें मसुदालेखन, धंद्याची नीति, अभिरूप न्यायालय आणि पर्यायी तंटानिवारण हे चार व्यावहारिक विषय आवश्यक केले. पूर्वीं जें बाररूममध्यें कानांवर पडे, तें आतां वर्गांत येऊं लागलें.

पंचायतीचेंहि पुनरुज्जीवन करण्याचे प्रयत्न झाले. १९४६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायद्यानें न्यायपंचायतींची कल्पना मांडली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानेंहि ती उचलली, पण महाराष्ट्रांत ती रुजली नाहीं व १९७५ सालीं तीं कलमें काढून टाकण्यांत आलीं. १९८७ च्या विधि सेवा कायद्यानें लोकअदालतीस कायद्याचें अधिष्ठान दिलें. तेथील तडजोड दिवाणी हुकूमनाम्याच्या तोलाची असते व तीवर अपील नाहीं. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस रूढीनुसार तंटे मिटविण्याची पद्धति जपण्याचा अधिकार मान्य केला. केळापूर, मारेगांव, राळेगांव, घाटंजी ह्या तालुक्यांतील अनेक गांवें त्यांत येतात. २००७ सालीं महाराष्ट्रानें तंटामुक्त गांव मोहीम काढली, आणि २०२३ सालीं संसदेनें मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. दोनशें वर्षांपूर्वींचा राजीनामा नव्या पोशाखांत परत आला आहे, असेंच म्हणावयाचें.

पण ह्या पुनरागमनाचें स्वागत करतांना दोन स्मरणें जागीं ठेवावीं लागतात. पहिलें असें कीं, २०१६ सालीं महाराष्ट्रास सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. जातपंचायती वाळीत टाकण्याची शिक्षा देत होत्या व ती निमूटपणें सोसली जात होती. पंच म्हटला कीं परमेश्वर, ही म्हण तेथें खोटी पडली. दुसरें असें कीं, यवतमाळ जिल्ह्याचें नांव गेल्या कित्येक वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर दुःखानें उच्चारलें गेलें आहे. खरेदीखताच्या नांवाखालीं जमीन सावकाराकडे जाण्याचा जुना प्रकार अजून थांबलेला नाहीं. म्हणूनच २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानें, अवैध सावकारींतून गेलेली जमीन परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. हा अधिकार आहे हें किती कास्तकारांस ठाऊक असेल? दामदुपटीच्या काळीं जो प्रश्न होता, तोच आजहि आहे. ढाल असते, ती दाखविणारा लागतो.

तेव्हां ह्या इतिहासाचें तात्पर्य काय? तडजोड ही चांगली, कारण ती बांधावरचें वैर पुढल्या पिढीस वारसा म्हणून देत नाहीं. पण तडजोडीच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्यास, आपण काय सोडीत आहों आणि न सोडतां आपणांस काय मिळालें असतें, हें ठाऊक असेल तरच तो कागद राजीनामा. नाहींतर तो जमीन सोडल्याचा राजीनामा. हें ज्ञान देणें हें वकिलाचें काम, आणि तसा वकील घडविणें हें विधिशिक्षणाचें काम. कलमें पाठ करून परीक्षा उतरणारे पुष्कळ निघतील. पक्षकाराची भाषा जाणणारा, त्यास कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीं खरें सांगणारा, आणि प्रतिपक्षाशीं बोलणी करतांना दुबळ्याच्या पारड्यांत कायद्याचें वजन टाकणारा वकील मात्र घडवावाच लागतो. वणीच्या विद्वान ब्राह्मण घराण्यांतून आलेल्या एकानें आणि गहुलीच्या तांड्यांतून आलेल्या दुसऱ्यानें ही विद्या दूर देशीं जाऊन मिळविली व जिल्ह्यांत परत आणली. आज ती यवतमाळांतच शिकतां येते. ती शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणतरुणींपैकीं किती जण झरी, मारेगांव, उमरखेडच्या माणसाशेजारीं जाऊन बसतात, ह्यावरून ह्या जिल्ह्याच्या न्यायव्यवहाराचा पुढील अध्याय ठरणार आहे.